कुर्सीनामा संगणकावर चढवताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात बोलण्यासाठी सेक्रेटरी साहेबांनी मला 'पालकांची जबाबदारी' हा विषय सुचविला होता. त्या विषयावर माझ्याहून वडीलधाऱ्या मंडळींनी याच व्यासपीठावरून पुष्कळ सांगितले आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि संगणक कक्षाची किल्लीही माझ्याकडेच असते. त्यामुळे वर्षातून आठ-दहा जण तरी मला गाठून विचारतात, "सर, घरचा कुर्सीनामा संगणकावर करायचा आहे. कोणते सॉफ्टवेअर चांगले?" पूर्वी मी या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देत असे. ते उत्तर अपुरे होते, हे मला स्वतःच्या घरच्या एका प्रसंगाने कळले. तो प्रसंग आधी सांगतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत पेटीच्या तळाशी एक जुना कुर्सीनामा असतो. आमच्याकडेही आहे. मोडी वळणाच्या मराठीत आणि मधेमधे उर्दूत लिहिलेला, घडीवर फाटलेला. त्यात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी नावे आहेत. मुली नाहीत, बीव्या नाहीत. माझ्या पणजोबांचे सख्खे भाऊ विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत केपटाऊनला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांची कितीतरी कुटुंबे त्या काळी तिकडे गेली आणि तिथे त्यांची वस्ती झाली, हे येथील बुजुर्गांना ठाऊक आहेच. त्या भावाचे नातू, म्हणजे नात्याने माझे चुलत चाचा, १९९६ साली गावी आले होते. दीड महिना राहिले. घराघरांत जाऊन म्हाताऱ्या बायकांशी बोलले आणि परत गेल्यावर सगळी माहिती त्यांनी तिकडच्या संगणकावर वंशवृक्षाच्या एका प्रोग्रामात भरली. २०११ साली त्यांचा इंतकाल झाला. पुढे त्यांच्या मुलाने ती फाइल एका सीडीवर घालून मला पाठविली.

प्रोग्राम जुना होता, माझ्या नव्या संगणकावर उघडेना. मग केपटाऊनच्या भावाने तिथल्या जुन्या संगणकावरून एक सर्वसामान्य फाइल काढून पाठविली. ती मी दुसऱ्या एका प्रोग्रामात घेतली. नावे मी सांगत नाही, कारण चूक जितकी प्रोग्रामची तितकीच माझी होती. 'आयात यशस्वी' असा संदेश आला आणि पडद्यावर झाड उभे राहिले. मला फार आनंद झाला. पुढे वर्षभर मी त्यात नवी माणसे भरत राहिलो.

२०१६ साली आमच्या भाऊबंदांत एका आंब्याच्या बागेच्या वारस नोंदीचा प्रश्न निघाला. वंशावळ द्यायची होती. मी मोठ्या ऐटीत संगणकावरून तक्ता छापला. पणजोबा, पणजी आणि त्यांचे पाच मुलगे. तलाठ्याकडे नेण्याआधी सहज तो माझ्या वडिलांच्या फुफीला वाचून दाखविला. ती पणजोबांची सर्वांत धाकटी मुलगी, तेव्हा ऐंशी ओलांडलेली. ती म्हणाली, "बाबा, मोठे दोघे माझे सावत्र भाऊ. त्यांची आई वेगळी. ती मानमोडीत गेली." नाव विचारले तर तिला आठवेना. "आफ्रिकेवाल्याला सांगितलं होतं मी तेव्हा," एवढेच म्हणाली.

ती बाग त्या पहिल्या आजीला तिच्या वडिलांकडून मिळालेली होती. आता फराइजचा हिशेब बघा. तिच्या मिळकतीत तिच्या दोन मुलांचा हक्क. नवऱ्याचा, म्हणजे पणजोबांचा, चौथा हिस्सा. तिच्या सावत्र मुलांचा तिच्याकडून थेट काहीही नाही. माझे आजोबा दुसऱ्या बीवीचे. म्हणजे मी छापलेला तक्ता खरा धरला असता तर ज्या मिळकतीत आमच्या शाखेला पणजोबांच्या चौथ्या हिश्श्यातून थोडेसेच येते, तिथे आम्ही बरोबरीचे वाटेकरी ठरलो असतो. मोठ्या दोन भावांची मुले-नातवंडे मुंबईला. त्यांना ही हकीकत माहीत नव्हती. त्यांनी सहीदेखील केली असती.

रात्री बसून मी केपटाऊनहून आलेली मूळ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडते हेच मला तोपर्यंत माहीत नव्हते. शोधता शोधता पणजोबांच्या निकाहाच्या नोंदीखाली चाचांची इंग्रजीत लिहिलेली टीप सापडली. मोठे दोन मुलगे पहिल्या बीवीचे, ती इन्फ्लुएंझाच्या साथीत वारली, तिचे नाव अमुक, तिच्या बापाचे गाव अमुक, सांगणार फुफी, सोबत महिना आणि साल. ती टीप माणसाला जोडलेली नव्हती, कुटुंबाच्या नोंदीला जोडलेली होती. माझ्या प्रोग्रामात तशा टिपेला जागा नव्हती. त्याने ती मुकाट्याने सोडून दिली होती. तिच्यासारख्या आणखी कितीतरी सोडल्या होत्या. एका बाईचे नाव साऱ्या दुनियेत फक्त त्या तीन ओळींत उरले होते.

आता प्रश्नाकडे येतो. कोणते सॉफ्टवेअर चांगले?

घर भाड्याने घेताना आपण पुढचा दरवाजा बघतो, मागचा बघत नाही. वंशवृक्षाच्या प्रोग्रामात मागचा दरवाजा आधी बघावा, असे माझे मत झाले आहे. म्हणजे यातून आपली माहिती बाहेर कशी काढता येते आणि काढताना काय गळते ते. कारण प्रोग्राम माणसापेक्षा अल्पायुषी असतात. अमेरिकेत युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे ज्यांचे मुख्य ठाणे आहे त्या मॉर्मन चर्चने 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल' नावाचा प्रोग्राम काढला. पूर्वजांची नोंद ठेवणे हा त्या लोकांच्या धर्माचरणाचा भाग आहे. जगभर असंख्य लोकांनी तो वापरला आणि २०१३ साली तो बंद करण्यात आला. 'द मास्टर जीनिऑलॉजिस्ट' हा अभ्यासू मंडळींचा लाडका प्रोग्राम. २०१४ साली त्याच्या कर्त्यांनी तो थांबवीत असल्याचे जाहीर केले. 'फॅमिली ट्री मेकर' बंद होणार अशी घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब उडाला. पुढे २०१६ साली दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून वाचला. हे मोठ्यांचे हाल, तर मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या आणि कोणी बनविले त्याचा पत्ता नसलेल्या ॲपची काय शाश्वती?

या सर्व प्रोग्रामांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक समान भाषा आहे. तिला जेडकॉम म्हणतात. तीही वर सांगितलेल्या चर्चनेच १९८४ साली तयार केली. मी तिची तुलना आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याशी करतो. मूल या शाळेतून त्या शाळेत जाते तेव्हा दाखला बरोबर जातो. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता असते. मूल गाणे छान म्हणते की नाही हे त्यात नसते. जेडकॉम फाइल तशीच आहे. तिच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी शून्य, एक, दोन असा आकडा असतो. शून्याची ओळ म्हणजे नवा माणूस किंवा नवे कुटुंब. एकची ओळ म्हणजे त्याचा जन्म, मृत्यू यांसारखी बाब. दोनची ओळ म्हणजे त्या बाबीची तारीख आणि ठिकाण. माणसांच्या नोंदी वेगळ्या आणि कुटुंबांच्या वेगळ्या. एका जोडप्याचे एक कुटुंब. ज्याचे दोन निकाह झाले त्याची दोन कुटुंबे आणि मुले आपापल्या आईच्या कुटुंबात. हा नियम मला फार आवडतो. जुना कागदी कुर्सीनामा आईला विचारत नव्हता. इथे तिच्यासाठी रिकामी जागा समोर दिसते आणि ती भरेपर्यंत डोळ्यांत सलते. आमच्या चाचांकडून एकच चूक झाली. नाव कळले असताना त्यांनी पहिल्या बीवीचे वेगळे कुटुंब केले नाही, टिपेवर भागविले. टीप गेली आणि बाई गेली.

या भाषेच्याही आवृत्त्या आहेत. ५.५ ही १९९६ सालची. ५.५.१ चा मसुदा १९९९ साली निघाला आणि वीस वर्षे लोक मसुद्यावरच काम करीत राहिले. त्याला अंतिम रूप २०१९ साली मिळाले. २०२१ साली ७.० आली. पण अनेक प्रोग्राम अद्याप ५.५.१ च्याच फाइली देतात-घेतात, म्हणून आपल्याला व्यवहार तिच्याशीच आहे. शिवाय प्रत्येक प्रोग्राम त्या भाषेत आपली खासगी बोली घुसडतो. ती दुसऱ्याला कळत नाही. चांगला प्रोग्राम 'मला हे कळले नाही' अशी यादी देतो. वाईट प्रोग्राम गप्प बसतो.

आपल्या मराठी आणि उर्दू नावांचे काय होते, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. मराठी टाइप करण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. एक युनिकोड, जी मोबाइलवर आपण रोज वापरतो. दुसरी जुन्या छापखान्यांतली आणि डीटीपीवाल्यांची. तिच्यात आत इंग्रजी अक्षरेच असतात, फक्त फाँटमुळे ती मराठी दिसतात. या दुसऱ्या पद्धतीने भरलेली नावे दुसऱ्या प्रोग्रामात गेली की वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे होऊन बाहेर पडतात. तेव्हा सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. फाइल बाहेर काढताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा. 'अन्सेल' किंवा 'अन्सी' निवडाल तर 'इब्राहीम'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. माझा रिवाज असा आहे की मुख्य नाव मराठीत लिहावे आणि पासपोर्टावरचे इंग्रजी स्पेलिंग 'पर्यायी नाव' म्हणून द्यावे. आमचेच आडनाव केपटाऊनला एका स्पेलिंगने आहे, कुवेतच्या व्हिशावर दुसऱ्या आणि शाळेच्या रजिस्टरात तिसऱ्या. कोणतेही चूक म्हणून पुसू नका. बाईचे नाव माहेरच्या आडनावाने नोंदवावे. सासरचे तिच्या निकाहावरून कळतेच.

आणि एकाच घरात चार इब्राहीम असतात! आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल. दोन फाइली एकत्र करताना संगणक विचारतो, "हे दोघे एकच का?" घाईने 'होय' म्हटले की आजोबा आणि नातू एक होतात आणि मग एक माणूस स्वतःचाच पूर्वज ठरतो. एकत्रीकरण कधीही आपोआप होऊ देऊ नका. एकेक जोडी डोळ्यांनी बघून करा. चुलत-मावस भावंडांचे निकाह आपल्यात होतात, तेव्हा तोच माणूस झाडात दोन ठिकाणी दिसणार. तक्त्यावर तो दोनदा छापला जावा, पण नोंदीत मात्र एकदाच असावा.

तारखांची तर गंमतच आहे. जेडकॉमला चार पंचांगे कळतात. ग्रेगोरियन, त्याच्या आधीचे ज्युलियन, यहुदी लोकांचे हिब्रू आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हसू येते, कारण ते फ्रेंच पंचांग बारा-तेरा वर्षेच चालले, त्याला जागा आहे आणि हिजरीला नाही. राग मानण्यात अर्थ नाही. ज्यांनी ही भाषा केली त्यांना आपल्याकडची दफ्तरे उतरवायची होती, आपल्याला आपल्याकडची. 'ग्रॅम्प्स' नावाच्या प्रोग्रामात हिजरी तारीख हिजरी म्हणूनच लिहिता येते, पण त्यातून बाहेर काढल्यावर पुढच्या प्रोग्रामात ती धड पोचेलच असे नाही. म्हणून कबरीवर किंवा काझींच्या दफ्तरात जे लिहिले आहे ते जसेच्या तसे टिपेत उतरवा आणि तारखेच्या रकान्यात इसवी सन घाला. उदाहरणार्थ, हिजरी १३३७ हे साल ऑक्टोबर १९१८ ला सुरू होऊन सप्टेंबर १९१९ ला संपले. नुसते '१३३७' एवढेच ठाऊक असेल तर '१९१८ आणि १९१९ च्या दरम्यान' असे लिहावे. तसे लिहिण्याची सोय जेडकॉममध्ये आहे. 'अंदाजे', 'पूर्वी', 'नंतर' यांचीही आहे. नसलेली नेमकी तारीख भरू नये. एकाने मला सर्व माणसांची जन्मतारीख १ जानेवारी घातलेला तक्ता दाखविला होता. प्रोग्राम मागत होता म्हणून घातली, म्हणाला.

आपल्या म्हाताऱ्या बायका सन सांगत नाहीत, पण तारीख सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८. "रामदास बुडाली त्या पावसाळ्यात" म्हणजे १९४७. रेवसला निघालेली ती बोट १७ जुलैला बुडाली. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता" म्हणजे ११ डिसेंबर १९६७ नंतरचा जन्म. विद्यार्थ्यांनी असे बोल ऐकले की हसू नये, लिहून घ्यावेत. आधी शब्द लिहावेत आणि सन नंतर काढावा.

गावांच्या नावांत एक खोडा आहे. चाचांच्या फाइलीत बऱ्याच ठिकाणी जिल्हा 'कुलाबा' असा होता, कारण त्यांच्या वडिलांनी गाव सोडले तेव्हा रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते १९८१ साली बदलले. माझ्या प्रोग्रामला ठिकाणे 'सुधारून' देण्याची फार हौस. त्याने त्या सगळ्यांचा जन्म मुंबईच्या कुलाब्यात नेऊन ठेवला, ताजमहाल हॉटेलाशेजारी! तेव्हा आयात करताना ठिकाणे आपोआप सुधारण्याची खूण काढून टाकावी. कागदावर आहे ते लिहावे, आजचे नाव हवे तर टिपेत द्यावे.

आता निवडीबद्दल माझे मत विचाराल तर सांगतो. विद्यार्थ्यांना मी ग्रॅम्प्स सुचवितो. २००१ पासून जगभरचे स्वयंसेवक तो तयार करीत आहेत. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांवर चालतो. त्याचे आतले काम कसे चालते हे सर्वांना खुले आहे, म्हणून उद्या कोणी कंपनी उठून गेली तरी आपण अडकत नाही. पण तो सोपा नाही. पहिले पंधरा दिवस डोके धरून बसाल. शिवाय त्याच्यात जे भरता येते ते सगळे जेडकॉममधून बाहेर जात नाही. निकाहाला साक्षीदार म्हणून कोण हजर होते हे त्यात सुंदर नोंदविता येते, पण बाहेर जाताना ते गळते. म्हणून त्याच्या स्वतःच्या पद्धतीची प्रतही ठेवावी. पालकांपैकी ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी 'रूट्समॅजिक'ची मोफत आवृत्ती बघावी. जुन्या काही प्रोग्रामांच्या फाइली त्याला थेट वाचता येतात, जेडकॉमचा मधला टप्पा लागत नाही, आणि टप्पा जितका कमी तितकी गळती कमी.

इंटरनेटवरच्या झाडांविषयी मी सावध आहे. 'फॅमिलीसर्च' फुकट आहे आणि मोठे आहे, पण तिथे साऱ्या जगाचे मिळून एकच झाड असते. आपल्या मरहूम आजोबांच्या नोंदीत कोणीही दुसरा येऊन बदल करू शकतो, तोही बहुधा चांगल्याच हेतूने. दूरच्या नातेवाइकांना शोधायला ते बरे, घरचे दफ्तर ठेवायला नाही. आणि हयात माणसांची, विशेषतः मुलींची, जन्मतारीख आणि आईचे नाव जिथे कोणीही वाचील अशा जागी टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याची माहिती त्याला विचारावे.

माझ्या सांगण्यावर मात्र जाऊ नका. कोणताही प्रोग्राम घेण्याआधी दहा माणसांची परीक्षा घ्या. मी शाळेत मुलांकडून हेच करून घेतो. दहाच माणसे भरायची, पण ती मुद्दाम अवघड निवडायची. दोन बीव्या असलेला एक पुरुष. चुलत भावंडांचा एक निकाह. नाव न ठेवताच वारलेले एक तान्हे मूल. तारखांपैकी एक 'अंदाजे' आणि एक हिजरी. एका निकाहाला जोडलेली लांबलचक टीप, एक फोटो, एका जन्माला पुरावा म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर. दूधभावाचे नातेही एक घाला. आपल्याकडे त्याने निकाह हराम होतो, पण दत्तक आणि सांभाळलेले मूल यांसाठी जेडकॉममध्ये शब्द आहेत, यासाठी नाही. ते टिपेतच लिहावे लागते. मग ही फाइल जेडकॉम करून बाहेर काढा, दुसऱ्या प्रोग्रामात घ्या आणि दहाही माणसे एकेक करून वाचा. एका संध्याकाळचे काम आहे. त्यात जे गळले ते तुमचे तीनशे माणसांचे झाड हलविताना तीनशे ठिकाणी गळणार.

प्रत्यक्ष हलविण्याच्या वेळी जुनी फाइल पुसू नये, हे सांगायला नको. पण लोक पुसतात. जुना संगणक भंगारात देण्याआधीच हे काम करावे, कारण जुना प्रोग्राम त्याच्यावरच चालत असतो. फाइल काढताना पडद्यावर काही खुणा आधीच केलेल्या असतात. त्यांतली 'हयात व्यक्तींची माहिती वगळा' ही खूण घरच्यासाठी प्रत काढताना उठवावी, नाहीतर निम्मे घर 'हयात' एवढ्याच नावाने बाहेर येते. फोटो जेडकॉमच्या आत नसतात, फोटो कुठे ठेवला त्याचा पत्ता तेवढा असतो, म्हणून फोटोंचे फोल्डर वेगळे न्यावे. नव्या घरी पोचल्यावर माणसे मोजा, कुटुंबे मोजा, टिपा मोजा, पुराव्यांच्या नोंदी मोजा. मी माणसे मोजली होती. तिकडे ३१८ आणि इकडे ३१८, म्हणून निश्चिंत झालो. टिपा मोजल्या नाहीत.

पुराव्याबद्दल पालकांना दोन शब्द वेगळे सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत त्यांना मुलांच्या जात पडताळणीसाठी वंशावळ आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. जूनमध्ये शाळेच्या कचेरीत आजोबांच्या दाखल्यासाठी रांग लागते. संगणकावर छापलेला रंगीत तक्ता हा काही पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे रजिस्टरातली ओळ, फेरफारातली नोंद, निकाहनामा. तेव्हा प्रत्येक नावाबरोबर ही माहिती कोठून मिळाली, कोणत्या शाळेचे रजिस्टर, कितवा नंबर, किंवा कोणी तोंडी सांगितले आणि कधी, हे त्यासाठी ठेवलेल्या रकान्यात लिहा. आणि हाच रकाना हलवाहलवीत सर्वांत आधी विस्कटतो, म्हणून दर वर्षी एकदा सगळे कागदावरही छापून ठेवा. आमच्या पेटीतला फाटका कुर्सीनामा अजून वाचता येतो. चाचांची सीडी आता कोणत्याच संगणकात जात नाही, कारण सीडी घालायची फटच संगणकांना राहिलेली नाही. तिच्यातले वेळेवर उतरवून घेतले म्हणून बरे.

बागेचे पुढे काय झाले, असे कोणीतरी नंतर विचारील म्हणून आताच सांगतो. मुंबईच्या भावांना मी चाचांची टीप वाचून दाखविली. फुफीने तिच्या तोंडून पुन्हा सांगितले. वाटणी फराइजप्रमाणे झाली आणि आमच्या वाट्याला आले ते फार नव्हते. माझ्या वडिलांना थोडे जड गेले. फुफी पुढल्या वर्षी वारली. नव्या झाडात आता पणजोबांची दोन कुटुंबे आहेत आणि पहिल्या कुटुंबात त्या आजीचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि गाव आहे. टीपही आहे, पण नाव आता टिपेच्या भरवशावर नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष दोन तास उघडा असतो. ज्यांना दहा माणसांची परीक्षा करून बघायची आहे त्यांनी यावे. पालकांनीही यावे, त्यांच्यासाठी खुर्च्या आहेत. पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह आणायची गरज नाही. एका कागदावर आपल्या दोन्ही आजींची नावे, त्यांच्या बापांची नावे आणि त्यांची माहेरची गावे लिहून आणा. ज्यांना ती येत नसतील त्यांनी शनिवारच्या आधी घरी कोणाला तरी विचारावे.